अकरावा प्रश्न

“मासे पाहिजेत का?” पोतदारबाईंनी विचारलं.

“मासे नाही. माणूस,” मी म्हणालो. “माणूस पाठीला सिलिंडर लावून पाण्याखाली गेला की त्याच्या अंगात काय काय होतं, त्याचं पुस्तक पाहिजे.”

आमच्या तालुक्याच्या वाचनालयात पोतदारबाई वीस वर्षं होत्या. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं, आत गेल्या आणि तीन पुस्तकं घेऊन आल्या. एक मत्स्यशेतीचं, एक प्राणायामाचं आणि एक नर्सिंगच्या मुलींचं, त्यात फुप्फुसाची रंगीत चित्रं होती.

“याच्या जवळपासचं एवढंच आहे बघा, मोहिते. आपल्याकडं प्यायला पाणी आठवड्यातून दोनदा येतंय. त्यात सिलिंडर लावून कोण उतरणार?”

मी हसलो नाही. तेव्हा त्यांना आठवलं असावं. त्यांनी पुस्तकं बाजूला सारली.

“शालनवहिनींसाठी बघताय होय?”

“सोमवारी पोलीस ठाण्यात जायचंय. मालवणच्या बाजूला. साहेबानं सांगितलंय, सिलिंडर बंद पडला असं म्हणताय तर काहीतरी लेखी आधार आणा. नाहीतर आकस्मिक मृत्यू म्हणून फाइल बंद.”

तो बुधवार होता. या गोष्टीला आता नऊ वर्षं झाली. शालन जाऊन तेव्हा तीन महिने झाले होते. लग्नाला पस्तीस वर्षं झाली म्हणून दिवाळीनंतर आम्ही दोघं समुद्रावर गेलो होतो. ती पाण्याखाली गेली आणि वर आल्यावर पाच मिनिटांत गेली. तिला खाली नेणारा माणूस होता सत्यवान तांडेल. वय चाळीस, स्वतःची बोट. माझं म्हणणं होतं की त्यानं खराब सिलिंडर लावला आणि मला त्याला शिक्षा झालेली बघायची होती. त्या तीन महिन्यांत दुसरं काही माझ्या डोक्यात नव्हतं.

माझा धंदा पाण्याचे पंप दुरुस्त करायचा. शिक्षण दहावी आणि वर आयटीआय. पण एकदा मशीन उघडलं की दोष सापडेपर्यंत मी उठत नाही. हेही तसंच धरलं होतं. पुतण्याच्या मोबाइलवर बावीस व्हिडिओ बघितले. एक जण म्हणायचा, खाली ऑक्सिजन कमी पडतो. दुसरा म्हणायचा, ऑक्सिजन जास्त होतो. तिसरा खोबरेल तेलाची जाहिरात करत होता. वर्तमानपत्रांची कात्रणं ठेवली होती, सायबर कॅफेतून कागद काढून आणले होते. सगळं एका फाइलमध्ये नीट लावलं होतं. पण कशावर विश्वास ठेवायचा ते मला कळत नव्हतं.

“थांबा,” पोतदारबाई म्हणाल्या. “चार वर्षांमागं आपल्या व्याख्यानमालेला एक डॉक्टरीणबाई आल्या होत्या. नौदलातनं निवृत्त. पाणबुड्यांच्या, म्हणजे पाण्याखाली उतरणाऱ्या नौसैनिकांच्या डॉक्टर होत्या म्हणे. ऐकायला माणसं अकरा होती, त्यात आम्ही कर्मचारीच चार.” त्यांनी जुनी वही काढून पत्ता उतरवून दिला. डॉ. कुमुद सबनीस, कोल्हापूर.

गुरुवारी सकाळी दहाला मी त्यांच्या दारात होतो. सत्तरीच्या बाई, केस बारीक कापलेले, पायात कॅनव्हासचे बूट. मी कोण आणि कशाला आलो ते सांगितलं. त्यांनी फाइल मागितली, व्हरांड्यातल्या टेबलावर उघडली आणि कागद दोन ढिगांत टाकायला लागल्या. एक ढीग वाढत होता, दुसऱ्यात काहीच पडत नव्हतं.

“फाइल छान लावलीय,” त्या म्हणाल्या. “हा ढीग रद्दीत द्या.”

“सगळाच?”

“ही बातमी बघा. ऑक्सिजन संपल्याने महिलेचा मृत्यू. त्या सिलिंडरमध्ये ऑक्सिजन भरलेला नसतोच मुळी. साधी हवा असते. पंक्चरवाल्याकडं असते तीच, फक्त गाळून जास्त दाबानं भरलेली. ज्याला एवढं माहीत नाही, त्याचं पुढचं कशाला वाचायचं?”

“मग वाचायचं कुणाचं?”

“लिहिणारा कोण आहे, कधी लिहिलंय, आणि त्याचं चुकलं तर त्याला कुणी जाब विचारणार आहे का. या तीन गोष्टी बघायच्या. व्हिडिओवाल्याला कोण विचारणार?” त्या आत गेल्या आणि एक जाड, कडा झिजलेलं पुस्तक घेऊन आल्या. “यावरून आम्ही पाणबुड्यांना शिकवायचो. यात चूक असती तर आमची माणसं मेली असती. इंग्रजी येतं?”

“मोटारीच्या पाटीवरचं वाचतो.”

“मग येतं. अडलं तर हा शब्दकोश घ्या.” त्यांनी एक जुना शब्दकोश पत्र्याच्या डब्यातून काढून दिला. “चौथं प्रकरण. मी वाचून दाखवणार नाही. मी सांगितलं तर तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवाल, नाहीतर ठेवणार नाही. तुम्ही स्वतः वाचा.”

मी दुपारी चारपर्यंत वाचलं. सहा पानं झाली. त्यांच्या स्वयंपाकाच्या मावशींनी मला मधे दोनदा चहा आणि एकदा भाकरी दिली. जाताना डॉक्टरबाईंनी त्या दिवशी काय घडलं ते सगळं सांगायला लावलं, आणि मी सांगितलं.

बोटीत आम्ही सहा जण होतो. सत्यवाननं सगळ्यांकडून एक फॉर्म भरून घेतला, दहा प्रश्नांचा. दमा आहे का, हृदयाचा त्रास आहे का, पोहता येतं का. माझ्या एका कानाचा पडदा लहानपणापासून फाटलेला, म्हणून मला त्यानं खाली न्यायला नकार दिला. शालननं सगळं भरलं. पोहता येतं का, पुढं तिनं ‘होय’ लिहिलं आणि मला कोपरानं ढोसलं. मग तिच्या पाठीला सिलिंडर बांधला, कमरेला शिशाचं वजन. ती म्हणाली, “अवो, ह्यापेक्षा पाण्याची घागर हलकी.” सगळे हसले. ती सत्यवानबरोबर खाली गेली. मी बोटीच्या कडेला बसून बुडबुडे बघत होतो. बुडबुडे दिसत होते तोवर मला बरं वाटत होतं. दहाएक मिनिटं झाली असतील. मग एकदम बुडबुड्यांची एक रांग थांबली. मी उठून उभा राहिलो. तेवढ्यात शालन बाणासारखी वर आली. तिनं तोंडातली नळी काढली, माझ्याकडं बघितलं आणि हात वर केला. मला वाटलं, ती काही बोलणार. पण ती डाव्या अंगावर कलली. बोटीत घेतलं तेव्हा तिच्या तोंडातून लालसर फेस येत होता.

“म्हणजे ती वर यायच्या आधीच बुडबुडे थांबले होते,” मी डॉक्टरबाईंना म्हणालो. “हाच माझा पुरावा आहे. सिलिंडर बंद पडला.”

“पंचनामा काय म्हणतो?”

“निम्म्याच्या वर हवा शिल्लक होती म्हणतो. पण ती नंतर भरून ठेवली असेल.”

“उद्या या,” त्या म्हणाल्या. “चौथं प्रकरण पुरं करा.”

शुक्रवारी मी परत गेलो. रात्री चुलतभावाकडं झोपलो होतो, झोप आली नव्हती. दुपारपर्यंत प्रकरण संपलं. डॉक्टरबाई समोरच्या खुर्चीत येऊन बसल्या. हातात कागद आणि पेन्सिल.

“मोहिते, दहा मीटर खोल पाण्याचा दाब तुमच्या गेजवर किती दिसतो?”

“एक किलो,” मी म्हणालो. पंपवाले दाब किलोतच मोजतात, हे मला झोपेतही सांगता आलं असतं.

“शालनताई किती खोल होत्या?”

“सात मीटर. पॉइंट सात किलो. शिवाय वरच्या हवेचा एक असतोच. एक पॉइंट सात.”

“तिथं त्यांनी छातीभर श्वास घेतला. चार लिटर धरा. ती हवा आत ठेवून त्या वर आल्या, तर पृष्ठभागाला ती किती होईल?”

मी पेन्सिल घेतली. असला हिशेब मी हजार वेळा केला होता. पाणी शांत चढावं म्हणून मोठ्या पंपाच्या लाइनवर हवेचा डबा बसवतात, त्याचा हिशेब हाच.

“सहा पॉइंट आठ लिटर.”

“आणि छाती केवढी?”

मी पेन्सिल खाली ठेवली. व्हरांड्याच्या खाली मावशी तांदूळ निवडत होत्या, त्याचा आवाज येत होता.

“फुप्फुसाला बारीक भोकं पडतात,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “हवा रक्तात शिरते आणि मेंदूकडं जाते. वर आल्यावर माणूस क्षणभर ठीक दिसतो. मग एका अंगावर कलतो. तुम्ही काल जे सांगितलंत ते या पुस्तकातल्या बासष्टाव्या पानावर आहे.”

“पण बुडबुडे थांबले होते.”

“बुडबुडे कशाचे असतात?”

“सिलिंडरमधल्या हवेचे.”

“सिलिंडरमधून हवा थेट पाण्यात जाते का? काल वाचलंत ना तुम्ही.”

वाचलं होतं. हवा सिलिंडरमधून माणसाच्या छातीत जाते आणि माणसानं श्वास सोडला की पाण्यात येते.

“बुडबुडे थांबले, याचा अर्थ त्या श्वास सोडत नव्हत्या,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “सिलिंडर बंद असता तर त्यांच्या छातीत इतकी हवा आली असती कुठून? मला एकच कळत नाही. नवशिक्या माणसालाही पहिलं हेच सांगतात की श्वास धरायचा नाही. घाबरल्या तरी एवढा घट्ट श्वास धरून कसा ठेवला? त्या पोहायला कुठं शिकल्या होत्या?”

“विहिरीत.”

“लहानपणी?”

“नाही. गेल्या एप्रिलमध्ये. समुद्रावर जायचं ठरलं म्हणून. माझ्या थोरल्या भावाच्या मळ्यात.”

“कोणी शिकवलं?”

“मी.”

त्यांनी पुस्तक मिटलं.

आमच्याकडं विहिरीत शिकवायची एकच रीत. माझ्या बापानं मला शिकवलं, मी माझ्या पोरांना. पाठीला मोकळा कॅन बांधायचा आणि पहिला धडा द्यायचा: पाण्यात तोंड गेलं की श्वास धर. छातीत हवा आहे तोवर माणूस वर येतो. हवा सोडली की गेला तळाला. पंचावन्न वर्षांची शालन पायरीवर बसून नाक दाबायची आणि डोकं पाण्यात घालायची, आणि मी वरून आकडे मोजायचो. पहिल्या दिवशी बारा. दोन आठवड्यांत साठ. साठ झाले त्या दिवशी ती वर येऊन म्हणाली, “आता मोजत बसा शंभरपर्यंत.”

“विहिरीत ते बरोबर आहे,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “तुम्ही वरची हवा घेऊन खाली जाता. वर येताना ती पहिल्याइतकीच होते, जास्त होत नाही. खालची दाबलेली हवा घेतली, की मग तोच नियम उलटा. हे तुम्हाला माहीत असायचं काही कारण नव्हतं.”

मी मान हलवली. पण एक गोष्ट मी त्यांना सांगितली नव्हती. कुणालाच सांगितली नव्हती. लपवली म्हणून नव्हे, ती सांगण्यासारखी आहे असं तोवर मला वाटलंच नव्हतं.

शनिवारी दुपारी मी सत्यवान तांडेलच्या घरी पोचलो. त्याची बोट अंगणात उपडी घातलेली होती, वर नारळाची झापं. पर्यटकांचा ऐन हंगाम चालू होता आणि बाकीच्या बोटी पाण्यात होत्या. त्याच्या बायकोनं मला दारात बघितलं, ओळखलं आणि आत गेली. सत्यवान पडवीत बसून कुणाचं तरी जाळं विणत होता.

“बसा, काका,” तो म्हणाला.

“मी बसायला आलो नाही.”

“तरी बसा. उनातसून इलात.”

मी बसलो. तो सुई चालवत राहिला.

“तुझ्या जबाबात एक गोष्ट नाही,” मी म्हणालो. “ती खाली जायच्या आधी बोटीवर मी तिला काहीतरी बोललो होतो. तू शेजारीच होतास. तू ऐकलंस का?”

सुई थांबली.

“आयकलंय,” तो म्हणाला.

“काय बोललो होतो?”

“कित्या आता ता सगळा?”

“सांग.”

त्यानं जाळं मांडीवरून खाली ठेवलं. “मी बायेक तीनदा सांगललंय. श्वास धरूचो नाय, घेत रवायचो, सोडत रवायचो. बाय होय म्हणाली. मगे तुमी म्हणालात, शालन, घाबरलीस तर श्वास धर, विहिरीत धरतेस तसा. तिना तुमच्याकडे बघल्यान आणि मान हलवल्यान.”

मला ते जसंच्या तसं आठवत होतं. तरी दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचं होतं.

“खाली काय झालं?”

“मास्कात पाणी गेला. थोडाच. मी हात दाखवतंय, सोड, सोड. तिना गाल फुगवलेले आणि डोळे गच्च मिटलेले. माझ्याकडे बघीनाच. मगे हात सोडवन वर गेली. मी पाय धरूक गेलंय, हाताक गावलो नाय.”

“हे पोलिसांना का सांगितलं नाहीस? तुझी बोट तीन महिने बंद आहे.”

“कोणाक सांगू आणि कसा सांगू? तुमी बायेचो हात धरून बसललात. त्या माणसाक सांगू, की तुमीच...” तो थांबला. “बोट आज ना उद्या पाण्यात जातली. तुमचा घर तर गेला.”

आतून त्याच्या बायकोनं पाण्याचा तांब्या आणून ठेवला आणि तिथंच उंबऱ्यात उभी राहिली.

“चूक माजीय असा,” सत्यवान म्हणाला. “तेवाच तुमका गप करूक होया होता. काका, तसा सांगा नकात, म्हणाक होया होता. पण तुमी वडील माणूस. घोव-बायलेच्या मधी मी कित्या बोलू, असा वाटला. बाय खाली गेली की पुन्ना समजावन सांगीन, म्हटलंय. खाली बोलूक येता थोडाच.”

मी तांब्यातलं पाणी प्यायलो. मग मी त्याच्याकडं तो फॉर्म मागितला, कोरा. त्यानं कपाटातून काढून दिला. एका बाजूला इंग्रजी, एका बाजूला मराठी. दहा प्रश्न. मी ते सगळे सावकाश वाचले.

“यात एक प्रश्न कमी आहे,” मी म्हणालो आणि खिशातलं पेन काढलं.

सोमवारी ठाण्यात साहेब नव्हते. एक म्हातारे हवालदार जबाब घ्यायला बसले. मी फाइल टेबलावर ठेवली. आता तिच्यात पाचच कागद होते: पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल, शालनचा फॉर्म, बासष्टाव्या पानाची झेरॉक्स आणि माझा पेन्सिलीचा हिशेब.

“सिलिंडरचा आधार मिळाला का?” त्यांनी विचारलं.

“सिलिंडर चांगला होता. लिहा.”

त्यांनी लिहिलं.

“मयत माझी पत्नी. तिला पोहायला मी शिकवलं. पाण्यात घाबरलं तर श्वास धरायचा, हे मी तिला शिकवलं. बोटीवरही मी तसंच सांगितलं. सत्यवान तांडेल यांनी तिला त्याच्या उलट, म्हणजे बरोबर सांगितलं होतं. तिनं माझं ऐकलं.”

हवालदारांचं पेन मधेच थांबलं होतं.

“मोहिते, हे लिहायलाच पाहिजे का? सिलिंडर चांगला होता एवढ्यावरही फाइल बंद होते. घरी पोरं-सुना आहेत तुमच्या. वाचतील.”

“वाचू देत. लिहा.”

“शेवटचं वाक्य तरी राहू दे.”

“तेच लिहायला मी आलोय,” मी म्हणालो.

त्यांनी ते लिहिलं आणि मी खाली सही केली. मार्चमध्ये सत्यवानची बोट पाण्यात गेली.

त्यानंतर दरवर्षी दिवाळी झाली की मी पंधरा दिवस त्याच्याकडं जातो. डॉक्टरबाईंच्या पुस्तकातलं चौथं प्रकरण मी मराठीत लिहून काढलं, त्यांनी लाल पेन्सिलीनं दोनदा तपासून परत दिलं, तिसऱ्यांदा नुसती सही करून दिली. ती वही सत्यवानच्या बोटीत प्लॅस्टिकच्या पिशवीत असते. मी पाण्यात उतरत नाही, कानामुळं उतरता येत नाही. मी किनाऱ्यावर टेबल टाकून फॉर्म भरून घेतो.

परवा आटपाडीकडच्या एक बाई आल्या होत्या, पन्नाशीच्या, बरोबर मालक. मालक चपला हातात घेऊन मागं उभे होते. बाईंनी दहा प्रश्न झरझर भरले आणि अकराव्याला थांबल्या.

“हे काय वो? पोहायला कुठं शिकलात म्हणून?”

“हां. ते लिहायचं.”

“आमच्या मळ्यातल्या विहिरीत.”

“कोणी शिकवलं?”

त्यांनी मानेनंच मागं दाखवलं. “ह्यांनी.”

मी दोन खुर्च्या ओढल्या.

“मग दोघंही बसा,” मी म्हणालो. “मालक, तुम्ही पुढं या. तुम्ही शिकवलं ते विहिरीत बरोबर आहे.”